पेस्टच होईना की ओ!

‘पेस्ट होत नाही’ ही तक्रार ऐकायला एक वाटते, पण तिच्या पोटात निदान पाच वेगळ्या तक्रारी असतात. सांगणाऱ्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत आणि फोनवर ऐकणाऱ्याला समोरचा पडदा दिसत नाही. म्हणून अशा फोनवर ‘काय झालं?’ असं मी विचारतच नाही. ‘काय पेस्ट झालं?’ असं विचारतो. बहुतेक वेळा पेस्ट झालेलं असतंच. फक्त नको ते झालेलं असतं, किंवा नको तिथे.

हे फोन मला येतात ते जुन्या नोकरीच्या पुण्याईवर. नव्वदच्या दशकात मी सोलापुरातल्या एका सहकारी संस्थेत संगणकावर बसत होतो. एससीओ युनिक्सवर चालणारं एक मुख्य यंत्र आणि त्याला वायरीनं जोडलेली टर्मिनलं. माउस हा प्रकार नव्हता. फाइलीत काही बदलायचं तर ‘व्हीआय’ हा एकच संपादक हाताशी. ते तेव्हा बोटांत बसलं ते बसलंच. पुढे त्याचा सुधारलेला अवतार ‘व्हिम’ आला, मी निवृत्त झालो, आणि आता हे सगळं विस्मरणात जाणार असं वाटत असताना करोना आला. पुण्या-बंगळुरात नोकऱ्या करणारी इथली पोरं लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि त्यातली बरीच परत गेलीच नाहीत. आमच्या पूर्व भागात आता हे नेहमीचं आहे: खालच्या मजल्यावर मागांचा खडखडाट चालू, वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावलेली मुलगी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर काम करतेय. त्या सर्व्हरवर खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यात व्हिम. मी नव्वद साली जिथे बसलो होतो तिथेच ही पोरं येऊन बसली, फक्त पंखा जाऊन एसी आला.

ज्यांनी व्हिम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या संपादकात ‘डी’ दाबला की पडद्यावर डी उमटतो. व्हिममध्ये ते तुम्ही कुठल्या मोडमध्ये आहात त्यावर अवलंबून. इन्सर्ट मोडमध्ये असाल तर डी उमटेल. एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये आलात की तोच डी काहीतरी कापायची आज्ञा होतो. वाय म्हणजे कॉपी, पी म्हणजे पेस्ट, यू म्हणजे केलेलं परत घे. एखादी आज्ञा दोनदा दाबली की ती सबंध ओळीला लागू होते: वायवाय, डीडी. आहे एवढंच. सवय झाली की हात माउसकडे जातच नाही आणि काम भराभर होतं. सवय होईपर्यंत मात्र माणूस रडकुंडीला येतो.

माझी भाची अशीच रडकुंडीला आली होती. “मामा, पेस्टच होईना की ओ! कॉपी केलंय मी, पण पेस्ट मारलं की आत्ता पुसलेलंच परत येतंय. परत पुसलं, परत तेच.”

तिनं केलं होतं ते सरळ होतं. एका ओळीवर वायवाय दाबून ती कॉपी केली. जिथे ती घालायची होती तिथली जुनी ओळ डीडीनं काढली. मग पी दाबलं. नवी ओळ यायच्या ऐवजी काढलेली ओळच पुन्हा हजर. वर्डमध्ये असं कधी होत नाही, कारण तिथे डिलीट वेगळं आणि कट वेगळं. व्हिममध्ये डिलीट नावाचं काही नाहीच. जे जे काढाल ते कापलेलं समजून एका जागी ठेवलं जातं, आणि कॉपी केलेलंही त्याच जागी ठेवलं जातं. नंतर आलेला आधीच्याला बाहेर काढतो. भाचीनं कॉपी केलेली ओळ तिनं स्वतःच्याच डीडीनं उठवून लावली होती.

अशा जागांना व्हिममध्ये रजिस्टर म्हणतात, आणि खरी मेख पुढे आहे. तिची ओळ गेलेली नव्हतीच. कॉपी केलेला मजकूर व्हिम आणखी एका रजिस्टरमध्ये ठेवतो, ते शून्य नंबरचं. काहीही कापलं तरी शून्याला धक्का लागत नाही. कापलेल्या ओळी जातात एक नंबरात. नवी कापली की एकातली दोनात, दोनातली तिनात, असं करत नऊपर्यंत. ओळीपेक्षा लहान तुकडा कापलात तर तो साधारणपणे वजाच्या चिन्हाच्या रजिस्टरमध्ये. शिवाय ए ते झेड ही सव्वीस तुमच्या मालकीची. त्यात व्हिम आपण होऊन काही टाकत नाही. त्यातही छोट्या एला दिलं तर जुनं जाऊन नवं येतं, मोठ्या एला दिलं तर जुन्याच्या मागे नवं जोडलं जातं. आणि खाली आडवी रेघ असलेलं एक रजिस्टर असं, की त्यात टाकलेलं खरोखरच नाहीसं होतं. ज्याला खरंच पुसायचं असेल त्याच्यासाठी ही एकच सोय.

मी फोनवर सांगितलं: दुहेरी अवतरणचिन्ह, शून्य, पी. ओळ आली. पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही आणि मग, “हे आधी कुणी सांगितलं का नाही?” प्रश्न रास्त आहे. कोलन आणि ‘रेग’ एवढं टंकून एंटर दाबलं की भरलेली सगळी रजिस्टरं त्यातल्या मजकुरासकट समोर येतात. व्हिममधून बाहेर कसं पडायचं हे सगळे शिकवतात, हे कुणी शिकवत नाही.

आता कापणं आणि पुसणं एकत्र करण्याचा हा निर्णय बरोबर की चूक? इतकी वर्षं वापरूनही तो मला पुरता पटलेला नाही. त्याचा फायदा आहे, नाही असं नाही. डीडी आणि मग पी दाबलं की दोन ओळींची अदलाबदल होते. एक्स आणि पी दाबलं की शेजारच्या दोन अक्षरांची. इंग्रजीत लिहिताना उलटसुलट पडलेली अक्षरं सुधारायला हे फार सोयीचं. मराठीत ‘सोलापूर’च्या ‘सो’वर उभं राहून एक्सपी केलं की ‘लासोपूर’ होतं. म्हणजे मात्रा अक्षराला सोडत नाही, हे व्हिमला कळतं. जोडाक्षर मात्र त्याला कळत नाही. ‘सिद्धेश्वर’मधल्या ‘श्व’वर एक्स मारलात तर फक्त अर्धा ‘श्’ जातो आणि ‘सिद्धेवर’ उरतं. आमच्या ग्रामदैवताचं नाव आहे, जपून.

गंमत अशी, की कॉपी-पेस्ट ज्यानं जगाच्या हाती दिलं त्या माणसाचं मोड या प्रकाराशीच हाडवैर होतं. लॅरी टेस्लर त्याचं नाव. १९७३ साली तो कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात आला. तिथे टिम मॉट या सहकाऱ्याबरोबर त्यानं ‘जिप्सी’ नावाचा संपादक तयार केला. तो होता जिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनासाठी. वापरणारी माणसं पुस्तकांची कामं करणारी होती, अभियंते नव्हते. ‘आधी कुठल्या मोडमध्ये आहात ते बघा, मग की दाबा’ असं त्यांना सांगायला टेस्लर तयार नव्हता. आज आपण मजकूर निवडतो, कट किंवा कॉपी करतो आणि दुसरीकडे पेस्ट करतो, ते वळण तिथलं आहे.

त्याच केंद्रात आधीचा एक संपादक होता, ब्राव्हो. त्याला मोड होते, आणि त्याचा एक किस्सा तिथली मंडळी पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. आपण टाइप करायच्या मोडमध्ये आहोत असं समजून कुणी इंग्रजीत ‘एडिट’ हा शब्द टाइप केला, आणि प्रत्यक्षात आज्ञेच्या मोडमध्ये असला, तर? ‘ई’नं सगळा दस्तऐवज निवडला जायचा. ‘डी’नं तो पुसला जायचा. ‘आय’नं टाइप करायचा मोड सुरू व्हायचा. आणि ‘टी’ उमटायचा. म्हणजे सबंध मजकुराच्या जागी एक टी. टेस्लरनं आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘नो मोड्स’ असं लिहून घेतलं होतं. १६ फेब्रुवारी २०२० ला तो गेला.

‘जिप्सी’च्याच सुमारास, त्याच राज्यात, बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी बरोबर उलट्या दिशेनं चालला होता. १९७६ साली त्यानं व्हीआय लिहायला घेतला. टेस्लरकडे मोठा चित्रमय पडदा आणि माउस होता. जॉयकडे मोडेमची लाइन होती आणि तिच्यावरून सेकंदाला तीसेक अक्षरं जायची. एवढ्या संथ लाइनवर लांबलचक आज्ञा देत बसणं परवडणारं नव्हतं. एका अक्षरात एक काम उरकायला हवं होतं. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलच्या की-बोर्डवर एच, जे, के आणि एल या चार अक्षरांवर बाण छापलेले होते, म्हणून आजही व्हिममध्ये त्याच चार अक्षरांनी हलायचं. आणि आज टॅब जिथे असतो तिथे त्याचा एस्केप होता, करंगळीखाली. आता तो गेलाय वरच्या कोपऱ्यात, आणि तिथपर्यंत बोट ताणताना पोरं शिव्या मात्र जॉयला घालतात.

टेस्लरचं म्हणणं वाचलं की पटतं. एकाच कीचे दोन अर्थ असू नयेत, माणसाला आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे लक्षात ठेवायला लागू नये. कोण नाही म्हणेल? पण सोलापुरात बसून विचार केला की ते पुरतं पटेनासं होतं.

आमच्या शेजारी चादरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि त्यात माग. इथे त्याला कारखानाच म्हणतात. मालक पद्मशाली, त्यांचे वाडवडील निजामाच्या तेलंगणातून विणकामासाठी इकडे आले. मागावरच्या माणसाशी ते तेलुगूत बोलतात. दारावर अक्कलकोटकडची बाई ज्वारी घेऊन आली की कन्नडमध्ये घासाघीस. सुताच्या व्यापाऱ्याशी फोनवर हिंदी. मी दिसलो की मराठी, तेही अस्सल इथलं, ‘काय करलालाव ओ’ असं. आणि या सगळ्याच्या मधे चादरी मोजायच्या त्या तेलुगूतच, ओठातल्या ओठात. कुठली भाषा चालू आहे हे दाखवणारी पट्टी त्यांच्या कपाळावर नाही, आणि त्यांना ती लागत नाही. कधी चुकतंही. मला तेलुगूत काहीतरी विचारतात, मी बघत राहतो, मग दोघंही हसतो आणि काम पुढे चालू. या शहरात अवस्था बदलत राहणं ही कुणाला अडचण वाटलेली नाही. चार भाषांतली एकच ठेवा म्हणालात तर तीच अडचण होईल.

पण मला भाषेचं कौतुक सांगायचं नाही, की-बोर्डाचं सांगायचंय. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या की-बोर्डला मोड एकच, कॅप्स लॉक. तो चुकून चालू राहिला तर व्हिममध्ये थोडा गोंधळ होतो: खाली जायला जे दाबला तर मोठा जे होऊन दोन ओळी एकमेकींना चिकटतात. बंद केला की मिटलं. मराठी लिहिणाऱ्याचा अख्खा की-बोर्डच मोडमध्ये चालतो. एकदा मराठी चालू केलं की प्रत्येक की वेगळं अक्षर देते. टेस्लरनं ज्याच्याशी आयुष्यभर भांडण मांडलं, ते आमच्या पानावर पहिल्यापासून वाढलेलं आहे. मोड नसलेला संपादक ही ज्यांच्या लिपीला एकच की-बोर्ड पुरतो त्यांची चैन. आम्हाला व्हिमचे मोड परके नाहीत. आमचा घोळ होतो तो व्हिमचा मोड आणि की-बोर्डचा मोड एकमेकांत अडकतात तेव्हा.

इन्स्क्रिप्टचंच घ्या. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ही मांडणी प्रमाण ठरवली. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं, आणि क दिला त्याच कीवर शिफ्ट धरून ख. विचारपूर्वक केलेली, शिकायला सोपी मांडणी आहे. मी तीच वापरतो. आता समजा तुम्ही व्हिममध्ये मराठी लिहीत आहात. एक परिच्छेद झाला, एस्केप दाबलंत, नॉर्मल मोडमध्ये आलात. व्हिम इन्सर्ट मोडमधून बाहेर पडला, पण की-बोर्ड मराठीतच राहिला. आता कॉपी करायला वाय दाबला तर व्हिमला मिळतो ‘ब’. पेस्टला पी दाबला तर ‘ज’. कापायला डी दाबला तर नुसता हलन्त. यातलं काहीच व्हिमला आज्ञा म्हणून माहीत नाही, त्यामुळे तो फार तर एक ‘टुक’ करतो आणि गप्प बसतो. रजिस्टर निवडायचं दुहेरी अवतरणचिन्ह दाबलं तर ‘ठ’ येतो. म्हणजे मामानं सांगितलेलं औषधही चालत नाही. बरं, वैतागून बाहेर पडावं म्हटलं तर कोलनच्या जागी ‘छ’. व्हिममधून बाहेर कसं पडायचं यावर जगभर विनोद चालतात; मराठी की-बोर्ड चालू असेल तर दरवाजाची कडीच जागेवर नसते.

फोन येतो तो असा: “मामा, हँग झालं ओ.” हँग काही झालेलं नसतं. की-बोर्ड इंग्रजीवर आणला की सगळं पूर्ववत.

यावर कायमचा उपाय आहे आणि तो व्हिममध्येच आहे. भाषा बदलायचं काम विंडोज किंवा उबंटूकडे ठेवायचंच नाही, व्हिमकडे द्यायचं. व्हिमला ‘कीमॅप’ नावाची सोय आहे. एका साध्या फाइलीत कुठल्या कीला कुठलं देवनागरी अक्षर ते लिहायचं आणि ती फाइल लावायची. मग कंट्रोल आणि कॅरेट दाबून इन्सर्ट मोडमध्ये मराठी चालू-बंद करता येतं, आणि खरी बात ही की एस्केप दाबून बाहेर आलात की आज्ञा आपोआप इंग्रजी अक्षरांनीच चालतात. परत इन्सर्टमध्ये गेलात की मराठी तिथेच वाट बघत असतं. दोन मोड होते, त्यातला एक दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागला. मराठीत गंभीरपणे व्हिम वापरायचा असेल तर हे केल्याशिवाय वापरू नये, या मताचा मी आहे.

शेजारच्या कारखान्याची गिऱ्हाइकांची यादी मी ठेवतो. पुण्या-मुंबईपासून हुबळीपर्यंतची दुकानं, पत्ते, कुणाला किती चादरी, किती टॉवेल. साध्या टेक्स्ट फाइलीत आहे, कारण तिला काही होत नाही. नवी नावं येतात ती मालकांच्या मुलाच्या मोबाइलवर, व्हॉट्सअॅपच्या निरोपातून; मी ती कॉपी करून फाइलीत पेस्ट करतो. एकदा त्या यादीत ‘गिऱ्हाईक’ हा शब्द शोधला तर निम्म्या नोंदी सापडल्याच नाहीत. डोळ्यांना शब्द दिसतोय, व्हिम म्हणतोय नाही.

इथे एक आज्ञा कामाला येते. कर्सर अक्षरावर ठेवून जी आणि ए दाबायचं. त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक खाली दिसतो. (जीए म्हटलं की मराठी वाचकाला काळ्या चष्म्यातले कुलकर्णी आठवतात, मलाही दर वेळी आठवतात.) एका ओळीतल्या ‘ऱ्हा’खाली क्रमांक निघाला २३५३, दुसऱ्या ओळीतल्या तशाच दिसणाऱ्या ‘ऱ्हा’खाली २३५२. मराठीतला हा आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, त्याच्यासाठी खास ठेवलेलं नुक्ता असलेलं ‘ऱ’ हे अक्षर आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक जोडक चिन्ह, ज्याला रुंदीच नाही. कागदावर दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी वेगळे. कुठला की-बोर्ड वापरता त्यावर कुठलं येणार ते ठरतं. मालकांचा मुलगा एकातून लिहीत होता, मी दुसऱ्यातून. बिनरुंदीचं ते चिन्ह व्हिम पुष्कळदा टोकदार कंसात २००डी असं उघडं पाडतो. इतर संपादक ते झाकून ठेवतात. व्हिमच्या बाजूनं एवढं तरी म्हणायलाच हवं. एक बदलाची आज्ञा दिली आणि सगळे र एका जातीचे केले. वाऱ्या, दऱ्या, सुऱ्या, दुसऱ्या, तिसऱ्या: मराठीत पेस्ट केलेल्या मजकुरात काही शोधून सापडलं नाही तर आधी या र कडे बघावं.

जुन्या छापखान्यांचा त्रास वेगळा. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव या काळातल्या फाँटांत जुळवलेला मजकूर कॉपी करून कुठेही पेस्ट केला की रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांची रांग येते. तिथे अक्षरं मुळात देवनागरी नव्हतीच, नुसता देवनागरी पोशाख चढवलेला होता. लग्नपत्रिकेच्या जुन्या फाइली घेऊन लोक येतात. त्यांना परिवर्तकाचा रस्ता दाखवायचा, व्हिमला दोष द्यायचा नाही.

राहिला सर्व्हर. भाचीचा पुढचा फोन त्याबद्दल होता आणि अशा फोनांतले निम्मे त्याबद्दलच असतात. ब्राउझरमधून काही कॉपी केलं आणि व्हिममध्ये पी दाबलं तर ते येत नाही, कारण व्हिमची रजिस्टरं आणि लॅपटॉपचा क्लिपबोर्ड या वेगळ्या गोष्टी. दोघांना जोडणारं रजिस्टर म्हणजे अधिकचं चिन्ह. लिनक्सवर त्याशिवाय तारकेचंही, कारण तिथे नुसता माउसनं निवडलेला मजकूर वेगळा ठेवला जातो. पण सगळ्या व्हिममध्ये ही सोय नसते. ‘व्हिम’पुढे दोन रेघा आणि ‘व्हर्जन’ लिहून बघायचं. यादीत क्लिपबोर्ड शब्दाच्या आधी वजा असेल तर अधिकचं रजिस्टर क्लिपबोर्डपर्यंत पोचत नाही. उबंटूवर साधा व्हिम असाच येतो. ‘व्हिम-जीटीके३’ हे पॅकेज घातलं की अधिक येतं. आणि एसएसएचनं दूरच्या यंत्रावर गेला असाल तर तिथल्या व्हिमला तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपचा क्लिपबोर्ड एरवी दिसतच नाही. तिथे पेस्ट करायचं ते टर्मिनलच्या आज्ञेनं, बहुधा कंट्रोल-शिफ्ट-व्ही. माउसनं मजकूर निवडताना व्हिम मधे पडत असेल तर बऱ्याच टर्मिनलांत शिफ्ट धरून निवडावा, म्हणजे माउस टर्मिनलकडे राहतो.

एवढं करूनही पेस्ट झालं आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आणखी उजवीकडे सरकत जिना तयार झाला, तर समजावं की व्हिमला वाटतंय हे सगळं कुणीतरी हातानं टाइप करतंय, आणि तो आपल्या परीनं समास सोडत चाललाय. पेस्ट करण्याआधी कोलन देऊन ‘सेट पेस्ट’ करायचं आणि झाल्यावर ‘सेट नोपेस्ट’. दुसरं विसरलात तर समासाच्या आणि शॉर्टकटच्या सगळ्या सोयी बंद राहतात आणि मग दुसरा फोन येतो. २०१६ सालच्या ८.० आवृत्तीनंतर व्हिमला बहुतेक टर्मिनलांत पेस्ट आणि टायपिंग यांतला फरक कळू लागला, त्यामुळे हा जिना आता जुन्या सर्व्हरवरच जास्त भेटतो. तसे सर्व्हर मात्र पुष्कळ आहेत.

हा व्हिम लिहिला ब्राम मोलेनार या डच माणसानं. अमिगा नावाच्या घरगुती संगणकासाठी त्याचं काम सुरू झालं आणि १९९१ साली व्हिम लोकांच्या हाती आला, फुकट. नुसता व्हिम उघडला की पहिल्या पडद्यावर बऱ्याचदा एक ओळ दिसते: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मोलेनार त्या देशात किबाले इथे काम करून आला होता आणि सॉफ्टवेअरच्या बदल्यात त्यानं एवढंच मागितलं. ३ ऑगस्ट २०२३ ला तो वारला. शेवटपर्यंत तो त्यात दुरुस्त्या करत होता. व्हिज्युअल मोडमध्ये निवडलेल्या मजकुरावर पी दाबलं की तो मजकूर रजिस्टरमध्ये जाऊन बसायचा आणि दुसऱ्या ठिकाणी पेस्ट करताना पुन्हा भाचीचीच तक्रार उभी राहायची. अलीकडच्या आवृत्त्यांत तिथे मोठा पी दाबला की तसं होत नाही. म्हणजे ही कुरकुर सोलापूरची एकटीची नव्हती.

इथल्या कॉलेजांत युनिक्स शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. पहिल्या तासाला व्हिममधून बाहेर कसं पडायचं ते तुम्ही शिकवता, छान करता. त्याच तासाला कोलन-रेगही दाखवा, आणि कॉपी केलेलं शून्यात शाबूत असतं हे पोरांकडून दोन-तीनदा करून घ्या. आणि एखादी मुलगी म्हणाली, “सर, हँग झालं ओ,” तर मशीन बंद करायला धावू नका. तिचा की-बोर्ड मराठीवर आहे का, ते आधी विचारा.